बोटभर वायर

गुंडीची वायर तुटली त्याला नऊ दिवस झाले होते, आणि आता तिच्या आईचा धीरही तुटायला आला होता.

वायर बोटभर लांबीची. सात वर्षांच्या गुंडीच्या कानामागे एक यंत्र बसतं आणि केसांत बटणाएवढी चकती चिकटते. ती चकती कातडीखाली बसवलेल्या भागाला आवाज पोचवते. यंत्र आणि चकती जोडणारी ही वायर तुटली की गुंडीला काही म्हणता काही ऐकू येत नाही. नऊ दिवसांत पोरीचे शब्द झिजायला लागले होते. काल तिने 'पाणी' मागितलं ते नुसतं 'पाई' असं. आईने पेला हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडून घेतलं. नळ सोडायची खरं तर गरज नव्हती. ऐकणार कोण होतं?

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने दोन तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, "ताई, या मॉडेलचा सपोर्ट मार्चपासून बंद झालाय."

"मला सपोर्ट नकोय, वायर हवीय."

"वायर सपोर्टमध्येच येते."

"पाच वर्षांपूर्वी हे तुम्हीच गळ्यात मारलंत ना? तेव्हा नाही बोललात, की पोर पहिली-दुसरीत जाईपर्यंत आम्ही हात वर करणार म्हणून!"

"कंपनीचं धोरण असतं. नवं यंत्र घेऊन टाका ना."

"हे चांगलं चालतंय की! चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी पाय बदलतं का?"

तो कसनुसा हसला.

"बरं, डोक्यात बसवलेला भाग किती वर्षं चालतो?"

"तो आयुष्यभर चालतो," तो जरा छाती काढूनच म्हणाला.

"आणि बाहेरचा?"

त्याला एकदम कीबोर्डवर काहीतरी काम निघालं.

तेवढ्यात दाराजवळ ठणठण वाजलं. कंटाळलेली गुंडी काचेच्या कपाटावर मूठ आपटत होती.

"अहो, काच फुटेल! सांगा तिला."

"सांगते. तुम्ही वायर दिलीत की लगेच सांगते."

आई तिला आणायला गेली आणि तिथेच थबकली. कपाटावर 'आमची वाटचाल' अशी पाटी होती. आत कंपनीची जुनी यंत्रं ओळीने मांडलेली. त्यातलं तिसरं निळं, अगदी गुंडीचं होतं तसंच. वायरसकट.

"ही वायर खरी आहे?"

"खरी आहे, पण डिस्प्लेची वस्तू देता येत नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"मग विचारा. आम्ही बसलोय. फक्त एक सांगून ठेवते, ही कंटाळली की किंचाळते. स्वतःचं किंचाळणं तिला ऐकू येत नाही, त्यामुळे थांबायचं कधी ते कळत नाही."

त्याने फोन लावला, दोनदा 'हो सर' केलं आणि ठेवला. "मेल टाकायला सांगितलाय. आठवड्याभरात कळवतील."

झालं. नऊ दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "मेल टाका? आठवडाभर? आणि तोवर हिच्या तोंडात राहिलेले शब्द कोण सांभाळणार, तुमचे साहेब? विकताना घरी माणूस पाठवलात, चहा पिऊन गेला तो! मूल वाढायला वीस वर्षं लागतात हे काय कंपनीला ठाऊक नाही?"

ती बोलत सुटली होती. तो माणूस उठला. खिशातून किल्ली काढून त्याने कपाट उघडलं, निळ्या यंत्राची वायर सोडवली आणि गुडघ्यावर बसून गुंडीच्या यंत्राला लावली. चकती केसांत चिकटली. हिरवा दिवा लागला.

"...आणि वर मलाच म्हणता नवं घ्या! अहो, लाज..."

"आई, ओअडू नको ना!" गुंडी कपाळाला आठ्या घालून म्हणाली.

आईने पोरीला एवढं घट्ट धरलं की चकती पुन्हा निसटली आणि तिघांनीही घाईघाईने हात पुढे केले.

"जपून वापरा," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे एवढी एकच होती. साहेबांचं मी बघतो."

आईने ओढणीने नाक पुसलं.

"दादा, तुमची अशी कपाटं आणखी कुठल्या कुठल्या ऑफिसात आहेत?"

त्याने एकदा दाराकडे बघितलं, कागद पुढे ओढला आणि पत्ते लिहायला लागला.