राणीसाहेब सिंहासनावरून उठतात

राणीसाहेबांना लोक राणीसाहेब म्हणायचे, ते काही उगाच नाही. उभी हयात त्यांनी रंगमंचावर राण्याच केल्या. तरुण राणी, विधवा राणी, कपटी राणी, शेवटी शेवटी आंधळी राणी. एकदाच एका नाटकात त्यांना मोलकरणीचं काम दिलं होतं. त्या झाडू घेऊन आत आल्या आणि सगळ्या प्रेक्षकांची खात्रीच पटली, की ही वेष पालटून आलेली राणी आहे. पडदा पडेपर्यंत बिचारे ती उघडकीला यायची वाट बघत बसले. पैसे परत मागायची वेळ आली. त्यानंतर तसलं धाडस कुणी केलं नाही.

आता गुडघे कुरकुरायला लागले होते, नाटकं सुटली होती. आवाज मात्र तसाच खणखणीत. त्या घरात ‘दार लावा’ म्हणाल्या, तर शेजारीही उठून आपलं दार लावून घ्यायचे.

तेव्हा भाचीचा फोन आला, “आत्या, राणीचं काम आहे, करशील?” तर त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. “गाडी कधी पाठवतेस?” एवढंच विचारलं.

भाची एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओत कथा लिहायची. तिचा नवरा तिथेच, पाठीला पाठ लागेल अशा टेबलावर बसून, गेममधलं जग तयार करायचा. डोंगर, ओढे, गावं, कुंपणावर बसलेली मांजरं, सगळं त्याच्या हातचं. आणि या नवराबायकोचं लग्नापासून एकच भांडण चालत आलेलं. ती म्हणायची, “गोष्टच नसेल तर तुझे डोंगर काय चाटायचेत?” तो म्हणायचा, “खेळणाऱ्याला मोकळं सोड. त्याला वाटलं तर तो येईल तुझ्या गोष्टीकडे.” जेवताना, भांडी घासताना, दात घासताना तोंडात फेस असतानासुद्धा हेच.

गोष्ट तशी सरळ होती. राज्यावर राक्षस चाल करून येतोय. राणी दरबारात एका तरुण वीराला बोलावते, त्याला सगळी हकिगत सांगते आणि तलवार देते. वीराने जायचं आणि राक्षसाला मारायचं. हा वीर म्हणजेच खेळणारा माणूस.

राणीसाहेबांनी भाषण असं काही ठोकलं, की काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याचा चहा थंड झाला. “वीरा! आकाश काळवंडलं आहे. नद्या उलट्या वाहू लागल्या आहेत. आणि तू... तू एकटाच उरला आहेस!” ‘एकटाच’वर त्यांनी जो हुंदका दाबला, तो ऐकून भाचीने डोळे पुसले. जावईसुद्धा म्हणाला, “आत्या, मानलं तुम्हाला.”

मग भाचीने काही किरकोळ वाक्यं बोलून घेतली. वीर रेंगाळला, तर राणीचा पोपट उडत जाऊन त्याला निरोप सांगणार होता, तोही राणीच्याच आवाजात. “वीरा, राज्य वाट पाहतंय.” “वीरा, अजून तिथेच?”

“हे कशाला?” राणीसाहेबांना प्रश्न पडला. “एवढं ऐकल्यावर कोण रेंगाळेल?”

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

पहिल्या चाचणीला राणीसाहेब स्वतः हजर होत्या. बाहेरची चार माणसं खेळायला बोलावली होती, आणि ही तिघं बंद काचेमागून त्यांचे स्क्रीन बघत होती. राणीसाहेबांनी ठेवणीतले कपडे घातले होते. पहिला प्रयोग म्हणजे पहिला प्रयोग.

चौघांत एक बसड्रायव्हर होता, आडव्या अंगाचा, शांत. त्याच्या शेजारी एक दातांची डॉक्टरीण, चुळबुळी. बाकीचे दोघं कॉलेजातले, एकाच साच्यातून काढलेले.

दरबार उघडला. राणी म्हणाली, “वीरा! आकाश काळवंडलं...”

ड्रायव्हर खिडकीतून बाहेर गेला.

“कुठे चालला तो?” राणीसाहेब म्हणाल्या.

ड्रायव्हरला तळं दिसलं होतं. तो चालत चालत तळ्याकाठी गेला, तिथे त्याला गळ सापडला, आणि तो मासे धरत बसला. कॉलेजवाल्यांनी एकमेकांत न ठरवताही एकाच गावातल्या सगळ्या कोंबड्या सोडून दिल्या. डॉक्टरीण तेवढी दरबारात थांबली. राणीसाहेबांना हायसं वाटलं. मग त्या डॉक्टरणीने कोपऱ्यातला पितळी हंडा उचलला, हलक्या पावलांनी सिंहासनामागे गेली, आणि बोलत्या राणीच्या डोक्यावर पालथा घातला.

हंड्यातून आवाज येत राहिला, “नद्या उलट्या वाहू लागल्या आहेत...”

“तिला आता दिसत नाही,” डॉक्टरीण स्वतःशीच म्हणाली, आणि तिने दरबारातली चांदीची भांडी निवांतपणे पिशवीत भरली.

जावई हसून हसून खुर्चीखाली जायचा बाकी होता. राणीसाहेब उभ्या राहिल्या होत्या. “माझ्या डोक्यावर हंडा! आंधळी राणी केली तेव्हासुद्धा माझ्यासमोर कुणी खोकायची हिंमत केली नव्हती!”

“बघितलंस?” भाची नवऱ्यावर उखडली. “हे तुझं मोकळं सोडणं! उद्यापासून दरवाजे बंद. खिडक्याही बंद. भाषण पूर्ण ऐकल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, आणि राक्षसाला मारल्याशिवाय पुढच्या मुलखाचा पूल उघडायचा नाही.”

“आणि हंडे हटवा,” राणीसाहेब म्हणाल्या.

दुसऱ्या चाचणीला तीच माणसं आली. या वेळी दरबाराला कड्या घातल्या होत्या. भाषण सुरू झालं, आणि कुणी बाहेर गेलं नाही. जायला वाटच नव्हती. राणीसाहेब खुर्चीत मागे रेलल्या. हं, आता कसं! नाट्यगृहाचा दरवाजा लावला, दिवे मालवले, की माणूस कसा गप बसतो.

पण जरा वेळाने त्यांनी स्क्रीनवरून नजर काढून माणसांकडे पाहिलं. कॉलेजवाला क्रमांक एक आपल्या वीराला जागच्या जागी उड्या मारायला लावत होता. क्रमांक दोन त्याच्या तालावर उड्या मारत होता. डॉक्टरीण पहारेकऱ्याच्या नाकाला नाक लावून उभी होती. आणि ड्रायव्हर, तो भला माणूस, हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवून आपल्या बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. ‘एकटाच उरला आहेस’ला त्याने जांभई दिली. साधीसुधी नाही, डोळ्यांत पाणी आणणारी.

चहा प्यायला तिघं बाहेर आली, तेव्हा राणीसाहेब कपात बघत म्हणाल्या, “हंडा परवडला गं.”

“असं काय म्हणतेस आत्या?”

“हंडा घालणारी निदान माझ्याकडे बघत तरी होती.”

जावयाने तोंड उघडलं. भाची म्हणाली, “तू आत्ता काही बोललास ना, तर बघ.” तो म्हणाला, “मी कुठे काय बोललो?” ती म्हणाली, “बोलणार होतास.” आणि तिथेच, बिस्किटाच्या डब्यासमोर, दोघांचं जुंपलं. पूल उघडा ठेवायचा की बंद, कथा मोठी की डोंगर मोठा. शेजारच्या टेबलावरचे लोक कप उचलून हळूच दुसरीकडे गेले.

“पुरे!” राणीसाहेब म्हणाल्या. खोलीतले सगळे उभे राहिले, ज्यांचा काही संबंध नव्हता तेसुद्धा. “जावईबापू, ते यंत्र माझ्या हातात द्या. आणि दरवाजे उघडा.”

त्यांना कंट्रोलर कसा धरतात इथपासून शिकवावं लागलं. सुरुवातीला त्यांचा वीर आभाळाकडे बघत भिंतीत चालत राहिला. मग गोल गोल फिरला. मग एका खांबाला त्याने आदराने नमस्कार केला. पण जमलं. समोर सिंहासनावर राणी होती, आणि राणीसाहेबांचाच आवाज राणीसाहेबांना म्हणाला, “वीरा! आकाश काळवंडलं आहे.”

राणीसाहेबांनी एकदा राणीकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. दारातून गवताचा उतार दिसत होता, उन्हाने पिवळा झालेला.

“आलेच हं,” त्या राणीला म्हणाल्या, आणि सुटल्या.

त्या उतारावरून त्या गडगडत गेल्या, तळाशी एका गवताच्या गंजीत घुसल्या आणि पलीकडून बाहेर पडल्या. एक घोडा दिसला, त्यावर बसल्या. घोडा कसा थांबवायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो छपरावर चढला. (“घोडा छपरावर कसा जातो?” भाची किंचाळली. “आजपासून जातो,” जावई म्हणाला.) छपरावरून उडी मारली, ती बदकांच्या घोळक्यात. बदकं मागे लागली. राणीसाहेब खुर्चीत पाय वर घेऊन ओरडत होत्या, “अगं बाई! आली! आली!” चेहरा लालबुंद झाला होता, अंबाडा सुटला होता. पोपट आला आणि त्यांच्याच आवाजात म्हणाला, “वीरा, राज्य वाट पाहतंय.”

“बघू दे की जरा!” राणीसाहेब म्हणाल्या. “इतकी वर्षं मी बघितली, आता राज्याने बघावी!”

स्टुडिओतली निम्मी माणसं पाठीमागे गोळा झाली होती. कुणी म्हणत होतं डावीकडे, कुणी म्हणत होतं होडी घ्या. राणीसाहेबांनी कुणाचंही ऐकलं नाही. नाटकात पायाची जागासुद्धा दिग्दर्शक खडूने आखून द्यायचा. इथे खडूच नव्हता. त्या चढत गेल्या, चढत गेल्या, आणि शेवटी जावयाच्या सगळ्यात उंच डोंगराच्या माथ्यावर येऊन उभ्या राहिल्या. खाली सगळं राज्य पसरलं होतं. दूर, राक्षसाच्या बाजूला, आकाश खरंच काळवंडलेलं दिसत होतं.

“कसं वाटतंय आत्या?” जावयाने विचारलं. त्याचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा झाला होता.

“फार सुंदर आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण इथे कुणीतरी हवं होतं. ते काळं कसलं आहे, ते सांगायला. राणी कुठे आहे?”

“महालात,” भाची म्हणाली. “बसलीय.”

“राज्य बुडायला आलंय आणि बया बसून राहिलीय? तिला पाय नाहीत का?”

जावई कान खाजवायला लागला.

“अं... नाहीत,” तो म्हणाला. “ती उठणारच नव्हती ना. म्हणून मी कमरेपर्यंतच केली. खाली नुसतं सिंहासन आहे.”

आधी राणीसाहेब हसल्या की भाची, हे पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. पण एकदा हसू फुटलं ते आवरेना. भाची भिंतीला टेकून खाली बसली. रेकॉर्डिंगवाल्याला उचकी लागली. राणीसाहेब डोळे पुसत म्हणाल्या, “तीस वर्षं मी हेच काम केलं की हो! कमरेपर्यंतच राणी!”

आणि मग हसता हसताच भाची एकदम थांबली. “उठू दे तिला,” ती म्हणाली. “दरवाजे उघडेच ठेवू. वीर पळाला, तर राणीने त्याच्या मागे जायचं. तो जिथे असेल तिथे.”

“आणि तिथे भाषण?” नवऱ्याने धास्तावून विचारलं.

“छे! तो मासे धरत असेल, तर तीही गळ टाकेल, आणि बोलता बोलता थोडी गोष्ट सांगेल. कंटाळला तर तो उठून जाईल. मग ती पुन्हा गाठेल.”

नवरा बायकोकडे बघतच राहिला. “मी सगळीकडे तिच्यासाठी बसायची जागा करतो,” तो म्हणाला. लग्न झाल्यापासून या विषयावर त्याने पहिल्यांदाच बायकोचं बोलणं न खोडता ऐकलं होतं.

राणीला पाय तातडीने हवे होते. नवे करायला वेळ नव्हता, म्हणून पहारेकऱ्याचे पाय लावले. त्यामुळे ती वरून राणी आणि खालून फौजदार अशी, दाणदाण पावलं टाकत धावायची. राणीसाहेबांना ते बेहद्द आवडलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांनी खरोखर जागच्या जागी धावून वाक्यं म्हटली, गुडघ्यांची पर्वा न करता. “थांब रे... मेल्या... हुश्श... आकाश... काळवंडलंय म्हणते मी!” मग मासे धरतानाची, छपरावरची, कोंबड्यांमागे पळतानाची. लिहिलेलं संपलं, तरी त्या थांबेनात. भाची नुसती पानावर पान उतरवून घेत होती.

तिसऱ्या चाचणीला चौघं पुन्हा आले. डॉक्टरीण दरबारातून पळाली, तशी राणी सिंहासनावरून उठली. डॉक्टरणीने मागे वळून पाहिलं आणि जी किंकाळी फोडली! ती गल्लीबोळांतून पळतेय, मागून राणी दाणदाण येतेय, येता येता नद्या उलट्या का वाहतात ते सांगतेय. तिसऱ्या वळणावर डॉक्टरीणच थांबली आणि म्हणाली, “पण मग धरण कुणी फोडलं?” काचेमागे भाचीने नवऱ्याचा दंड इतका जोरात दाबला, की तो कळवळला.

कॉलेजवाले राणीला घेऊन कोंबड्या पकडायला गेले होते. राक्षसाचं त्यांनी नावही काढलं नाही. भाचीने मोठ्या मनाने तेही चालवून घेतलं.

ड्रायव्हर सवयीने तळ्यावर गेला होता. राणीचा पायरव ऐकून तो घाईने होडीत बसला आणि वल्हवत मध्यावर निघाला. राणी काठाशी येऊन उभी राहिली.

“आता?” राणीसाहेबांनी विचारलं.

“आता काही नाही,” जावई ओशाळून म्हणाला. “पोहायचं मी तिला अजून शिकवलेलं नाही. ती तिथेच थांबेल.”

पण राणी थांबली नाही. फौजदाराची दोन पावलं टाकून ती सरळ पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मुकुटापर्यंत, आणि दिसेनाशी झाली. तळ्याच्या तळावरून ती चालत राहिली. पाण्यावर बुडबुड्यांची रांग होडीच्या दिशेने सरकू लागली, आणि त्यातून राणीसाहेबांचा खणखणीत आवाज, जरा घुमलेला, येत राहिला. ती राक्षसाच्या आईची गोष्ट सांगत होती.

काचेमागे राणीसाहेबांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, हसू बाहेर पडू नये म्हणून. त्यांच्या खांद्यावर भाचीचं डोकं गदगदत होतं.

ड्रायव्हरने बुडबुड्यांकडे पाहिलं. त्याने वल्ही वर घेतली, होडी थांबवली, आणि खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला कान लावत म्हणाला,

“काय म्हणालात, बाई? जरा मोठ्याने सांगा.”