मी ‘येतो’ म्हटल्यावर

पासवर्ड बदलायचं खूळ नणंदेचं. “वहिनी, दादाचं खातं तसंच पडलंय. कुणी हात मारला म्हणजे? बदलून टाका,” असं ती फोनवर म्हणाली आणि पडदे शिवणाऱ्या वहिनीने निमूटपणे बदलला. दुसऱ्याच दुपारी नवा पासवर्ड चालेना. मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या खिडक्यांच्या लांबी-रुंदीखाली, तिने तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. अक्षर न् अक्षर तपासून घातला, तरी लाल अक्षरांत ‘चुकीचा’. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

त्या खात्यात पैसाअडका नव्हता. नवऱ्याचा आवाज होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि प्रत्येक लिफ्टची कुरकुर फोनवर टिपून ठेवायची त्याला सवय. “दुसरा मजला. बेअरिंग रडतंय, आमच्या सासूबाईंसारखं.” असली शेरेबाजी वर. तेव्हा तिला भयंकर राग यायचा. नऊ महिन्यांपूर्वी तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला, आणि तेव्हापासून पडदे शिवताना ती रोज आपल्या आईचा तो उद्धार ऐकत बसायची. स्वतःच्या इमारतीची लिफ्टही तोच सांभाळायचा. ती आता बंद होती, तिची वीजसुद्धा तोडलेली.

‘पासवर्ड विसरलात?’ वर तिने बोट ठेवलं. त्याने कधीकाळी घालून ठेवलेला प्रश्न समोर आला: मी ‘येतो’ म्हटल्यावर ती काय म्हणते?

तिला हसू आलं आणि रडूही. निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? जाणारा ‘येतो’ म्हणतो, घरचं माणूस ‘या’ म्हणतं. सव्वीस वर्षं तो चपला घालत “येतो” म्हणायचा आणि ती मशीनवरून मान वर न करता “या” म्हणायची. तिने ‘या’ लिहिलं.

चूक. आणखी दोनदा चुकलात तर खातं कायमचं पुसलं जाईल, असंही खाली आलं.

तिने घाबरून घरच्या दुसऱ्या फोनवरून नणंदेला गाठलं.

“‘या हो’ लिहून बघा. लाडात म्हणत असाल.”

“काहीतरीच काय गं!” ती म्हणाली, पण लिहिलं. तेही चूक.

तिने फोन ठेवला. एक उत्तर उरलं होतं, आणि ते तिने नणंदेलाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं. तो गेला त्या सकाळी भांडण झालं होतं, सुट्टी असून कामाला निघाला म्हणून. दारातून तो म्हणाला, “येतो.” ती गप्प. “अगं, येतो.” तशी ती फणकारली, “जा!” तासाभरात निरोप आला. त्याचा फोन, हाच फोन, त्या दिवशी घरातच राहिला होता.

तिने ‘जा’ लिहिलं.

खातं उघडलं. हे उत्तर त्याने घातलं कधी?

यादीत सगळ्यात वर आजच्या तारखेची नोंद होती. तिने हात लावला नाही, ती आपली आपणच सुरू झाली. “तळमजला,” त्याचा आवाज म्हणाला. जिन्यापलीकडे कित्येक महिन्यांनी लिफ्ट कुरकुरली. “पहिला.” कुरकुर वर सरकली. “दुसरा. आता रडत नाही.”

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट थांबली. जाळीचं दार खडखडत सरकलं.

“येतो,” फोन म्हणाला.

तिला पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोला. जीभ टाळूला चिकटली होती. पण त्या दिवशीही ती आधी अशीच गप्प राहिली होती.

“अगं, येतो.” या वेळी आवाज फोनमधून आला नाही.

“या,” ती म्हणाली, आणि कडी काढायला उठली.