आत्याने डब्यात ओतलेली पावडर

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला बँडमधले सगळे पिपाणी म्हणत. एकोणीस वर्षं तो पहिल्या रांगेत मधोमध उभा राहत आला होता. पण एके दिवशी बँडमास्तरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा कोट लाल म्हणायचा की विटकरी? आणि पांढऱ्या पँटला काय कावीळ झालीय? रविवारी बागेत वाजवायचंय. असाच आलास तर क्लॅरिनेट माझा मेहुणा वाजवेल. तू मागे झांजा घे."

मेहुण्याने तिथल्या तिथे ओठांवरून जीभ फिरवली.

शनिवारी सकाळी दुकानदाराने पिपाणीसमोर सतरा पुडे मांडले. "हे पांढऱ्यासाठी, हे रंगीतासाठी, हे दोन्हींसाठी, आणि हे दोन्हींसाठी नाही."

"मग कशासाठी?"

"ते पुड्यावर लिहिलेलं नाही. कोटाचा रंग पक्का की कच्चा?"

"कोटाला विचारून येऊ का?"

"घाम फार येतो?"

"आता यायला लागलाय!"

मागे रांग वाढली. एक बाई म्हणाली, "भाऊ, साबण निवडताय की जावई?"

पिपाणीचे कान तापले. त्याने पांढऱ्याच्या ढिगातून एक आणि रंगीताच्या ढिगातून एक पुडा न बघताच उचलला, घरी येऊन ओट्यावर ठेवला आणि टब आणायला गॅलरीत गेला. तेवढा वेळ आत्याला पुरला.

आत्याच्या राज्यात कुठलीही वस्तू पुड्यात राहत नसे. पुड्याला ओल लागते, ओलीने गोळे होतात, म्हणून आलेली वस्तू आधी डब्यात. पाहुणा आठ दिवसांहून जास्त राहिला तर आत्या त्यालाही डब्यात भरेल, असं शेजारी म्हणत.

"आत्या, पुडे कुठायत?"

"कचऱ्याची गाडी घेऊन गेली. बिस्किटांच्या डब्यात ओतलंय बघ."

"कोणतं?"

"दोन्ही. साबणच ना!"

"अगं, एक पांढऱ्यासाठी होतं, एक रंगीतासाठी!"

"मग आता दोन्हींसाठी झालं. माझं डोकं खाऊ नकोस."

पिपाणी वर्तमानपत्र पसरून दाणे निवडायला बसला. निळे इकडे, पांढरे तिकडे. दोन तासांनी दोन टेकड्या उभ्या राहिल्या, आणि नेमकी त्याला शिंक आली. टेकड्या पुन्हा एक झाल्या.

"मरू दे!" म्हणत त्याने सगळी पावडर टबात उपडी केली आणि कोट-पँट एकदमच आत कोंबली.

फेस उठला तो काय उठला! पायपुसणं तरंगत जिना उतरलं. तळमजल्यावरच्या न्हाव्याने त्याच फेसात तीन दाढ्या उरकल्या; चौथं गिऱ्हाईक फेसात सापडलं नाही म्हणून राहिलं.

संध्याकाळी दोरीवर पाहिलं, तर कोट पांढराशुभ्र आणि पँट लालभडक. पिपाणी डोकं धरून खाली बसला.

"स्वच्छ निघालेत की!" आत्या म्हणाली.

दुसरा गणवेश नव्हता. रविवारी तो तसाच बागेत गेला. मेहुणा क्लॅरिनेट पुसून तयार होता. मास्तरांनी पिपाणीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"झांजा..." ते म्हणाले आणि थांबले. "थांब जरा. पांढऱ्या कोटात उकडणार नाही, आणि लाल पँटवर चिखल दिसणार नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला कशी सुचली नाही? ए, दे त्याची क्लॅरिनेट त्याला!"

त्या दिवशी पिपाणी असा वाजला की झाडावरचे कावळे तालात माना हलवू लागले.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर म्हणाले, "आता आमचे अकरा गणवेशही हुबेहूब असेच धुऊन आण. पुढच्या रविवारपर्यंत. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं, तर झांजा आहेतच."

पिपाणी धावत घरी आला. "आत्या, पुड्यांवर नावं काय होती गं?"

"मी ओतत होते की वाचत होते?"

सोमवारी दुकानदाराने पुन्हा सतरा पुडे मांडले. "बोला, पांढऱ्यासाठी की रंगीतासाठी?"

"पांढऱ्याचं लाल आणि लालाचं पांढरं करणारं," पिपाणी दात खाऊन म्हणाला.

दुकानदाराने चष्मा सारखा केला. "पक्कं की कच्चं?"