शिराजचा मणी

आम्ही नाशिकला कॉलेजात होतो तेव्हा परीक्षा संपली की सोमनाथ आणि ज्ञानेश एका बियर बारमध्ये शिरायचे आणि मी रस्त्यापलीकडे भेळेच्या गाडीवर त्यांच्या पिशव्या सांभाळत उभी राहायचे. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मुलीने बारमध्ये जायचं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नव्हतं, माझ्याही नाही. पण राग मात्र यायचा. दोघांत मिळून एक बाटली पिऊन हे वीर बाहेर यायचे, तोंडात वेलदोडे कोंबलेले, आणि गड सर करून आल्यासारखे बोलायचे. मी म्हणायचे, अर्ध्या बाटलीत एवढं चढत असेल तर घरी बसून ताक प्या.

त्यामुळे दोन हजार सातच्या सप्टेंबरात सोमनाथचा पुण्याला फोन आला तेव्हा पहिली मला ती भेळच आठवली.

"तेजू, तू पुष्कळ भेळ खाल्लीस," तो म्हणाला. "आता ये. नाशकात हल्ली लोक बायकोपोरांना घेऊन वाईन चाखायला जातात. आमच्या रस्त्याला तर दर दोन मैलांवर एक वायनरी झालीय. सगळं दाखवतो. आणि शेवटी माझी चाख."

"तुझी?"

"माझी. पहिली."

सोमनाथचं गाव नाशिकजवळ, गिरणारेच्या पुढे. त्याचे वडील, पुंजाअण्णा, थॉमसन द्राक्षासाठी पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांचा माल परदेशी जायचा, आणि कॉलेजच्या दिवसांत एक पाटी आमच्या वाट्यालाही यायची. ती बाग सोमनाथने मुळासकट काढून टाकली होती आणि तिथे शिराज लावली होती, वाईनचं द्राक्ष. त्याच्या पहिल्या पिकाची वाईन आता टाकीत तयार होती. एक मोठी कंपनी ती उचलायला तयार होती, स्वतःच्या वाईनमध्ये मिसळून टाकायला. नाहीतर सोमनाथने स्वतःच्या नावाने बाटल्या भरायच्या. सोमवारी काय ते सांगायचं होतं.

"पहिली बाटली वाईट निघाली की लोक दुसऱ्यांदा तोंड लावत नाहीत," तो म्हणाला. "ज्ञानेश गोडच बोलणार. तू खरं सांगशील म्हणून तुला बोलावतोय."

माझ्या जिभेला हाड नाही, अशी माझी ख्याती आहे. सासरी तिचा उपयोग कधी झाला नाही. कुणाला तरी तिची गरज पडली याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी ज्ञानेश मनमाडहून आला. तो तिथे रेल्वेत आहे. पोट पुढे आलंय, केस मागे गेलेत, बाकी तोच. गाडी सोमनाथच चालवत होता, म्हणून दिवसभर त्याने नुसता वास घ्यायचा आणि घोट थुंकायचा असं ठरलं. वाटेत मी अण्णांचं विचारलं.

"बाग तोडली त्यानंतर दोन वर्षं अण्णा त्या शेतात फिरकले नाहीत," तो म्हणाला. "जेवायला समोरासमोर बसायचे, पण बोलणं भाजीत मीठ आहे का एवढंच. मागच्या हिवाळ्यापासून परत यायला लागले. हल्ली रोज चक्कर असते."

"म्हणजे निवळलं तर."

"निवळलं," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

पहिली वायनरी धरणाच्या वर, टेकाडावर होती. लांबलचक गच्ची, खाली पाणी, आणि अर्ध्या चड्ड्यांतले मुंबईकर. दिशा नावाच्या चुणचुणीत मुलीने आमच्यापुढे ग्लास मांडले आणि धडे द्यायला सुरुवात केली. ग्लास फिरवा, नाक आत घाला, छोटा घोट घ्या, तोंडात घोळवा, मग हवं तर या भांड्यात थुंका.

"थुंकायची?" ज्ञानेश ओरडला. "पैसे देऊन?"

त्याने एकही घोट थुंकला नाही, आणि दर ग्लासागणिक शेंगदाणे कुठे मिळतील याची चौकशी केली. मी मात्र मन लावून ऐकत होते. इतकी वर्षं रस्त्यापलीकडे उभी राहिलेली बाई शेवटी आत येऊन बसली होती. मला त्यातलं काहीही वाया घालवायचं नव्हतं. दिशा सांगत होती की खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष या दोन वेगळ्याच जाती आहेत. खायचं द्राक्ष मोठं, पाणीदार, पातळ सालीचं. वाईनला मणी बारीक हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. मणी फुगला की रस वाढतो, साल तेवढीच राहते आणि वाईन फिकी पडते. म्हणून या वेलींना पाणीसुद्धा मोजून देतात, जरा उपाशीच ठेवतात.

"हे आमच्या आईला सांगा," ज्ञानेश म्हणाला. "ती मला अजून तूप वाढते."

सोमनाथला हे सगळं पाठच असणार. तो धरणाकडे बघत बसला होता.

आणखी दोन ठिकाणी गेलो. एक तर एका शेतकऱ्याने कांद्याच्या चाळीशेजारी काढलेली वायनरी होती; वाईनला कांद्याचा वास येतो असं ज्ञानेश म्हणाला आणि मालक खरंच घाबरला. आम्ही खूप हसलो. मला नाशिक नवं वाटत होतं, आणि ते माझ्या मागे माझ्याशिवाय नवं झालं याचं थोडं वाईटही वाटत होतं. जिथे बारच्या दाराला काळा पडदा असायचा त्या गावात आता आजीबाई नातवाच्या हातून ग्लास घेत होत्या.

दुपार कलल्यावर सोमनाथच्या मळ्यात पोचलो. त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने, चहा दिला. सोमनाथ आणि ज्ञानेश शेड उघडायला गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, पाठ अजून ताठ.

"चल पोरी, बाग दाखवतो," ते म्हणाले.

बागेत घड नव्हते. घडांसाठीची छाटणी ऑक्टोबरात असते. आता नुसता पाला आणि तारांवर पसरलेल्या काड्या. अण्णा ओळींमधून चालत होते आणि प्रत्येक खोडाला सहज हात लावत होते.

"सोम्यानं ही लावली तवा मी म्हणलं, आता या वावरात पाय नाय ठेवायचा," ते म्हणाले. "पर गेल्या हिवाळ्यात बांधावरून बघितलं. घड लागलेले, आन मणी केवढा? जोंधळ्यायेवढा! मला बघवलं नाय. लोकं येत्याल, म्हणत्याल, पुंजाच्या पोराचा माल बघा. हसत्याल त्याला."

"मग?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग मीच फुगवला. सोम्या लायसनसाठी मुंबईला चकरा मारत व्हता. थॉमसनला जे औषध लावायचो, तेच आणलं. मगात भरभरून एकेक घड त्यात बुडवला, एकट्यानं, पहाटंच्या थंडीत. ठिबकचं पाणी बी वाढवलं. काय मणी झाला म्हणून सांगू! त्याला वाटतं, बाग आपसूक फुगली." ते हसले. "तू त्याला सांगू नगं. त्याचं त्याला वाटू दे."

दिशाचं बोलणं माझ्या कानात होतं, आणि समोर हा म्हातारा उभा होता, आयुष्यभराची विद्या चोरून मुलाच्या पदरात टाकल्याच्या आनंदात. अजून मी ती वाईन चाखलीही नव्हती आणि ती कशी असणार हे मला कळलं होतं.

शेड पत्र्याची होती. आत दोन स्टीलच्या टाक्या, धुतलेली फरशी, आंबूस गोड वास. अण्णा आत आले नाहीत. माळकरी माणूस, दारूच्या जागी कसा येणार? ते दाराबाहेर एका उलट्या क्रेटवर बसले, तोंड आमच्याकडे करून.

सोमनाथने टाकीचा नळ सोडून तीन ग्लास भरले. शिराजचा रंग गडद असतो हे आज सकाळपासून मी तीन ठिकाणी पाहिलं होतं. या ग्लासातून मला पलीकडची सोमनाथची बोटं दिसत होती.

ज्ञानेशने ग्लास एका दमात संपवला. "झकास! फर्स्ट क्लास! सोम्या, डोळे मिटून बाटल्या भर. मनमाडचं सगळं स्टेशन तुझं गिऱ्हाईक."

सोमनाथने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी घोट घेतला, घोळवला, गिळला. परत एक घेतला, वाटलं पहिला खोटा ठरेल. नाही ठरला.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला गोड बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो सोमवारी माझ्या शब्दावर बाटल्या भरणार होता.

"पातळ आहे," मी म्हणाले. "वास चांगला आहे. पण घोट गेला की मागे काही राहत नाही. सोमनाथ, हिला तुझं नाव लावू नकोस."

शुभकार्यात कुणीतरी शिंकावं तसं ज्ञानेशने माझ्याकडे पाहिलं. सोमनाथ मात्र शांत होता.

"कशामुळे झालं असेल?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळत नाही असं तू पहिल्यांदाच म्हणतेयस," तो म्हणाला.

मी ग्लास खाली ठेवला. बागेतलं गुपित बागेतच राहील, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. चवीचं खरं सांगायला मला बोलावलं होतं. बापाचं गाऱ्हाणं मुलाकडे न्यायला नव्हे.

"काय म्हणली ती?" दारातून अण्णांचा आवाज आला.

"काही नाही अण्णा," मी घाईने म्हणाले. "चला, चहा घेऊ."

"पातळ म्हणली ना? मी ऐकलं." अण्णा उठून उंबऱ्याशी आले. "पातळ कशी व्हईल? मणी काय व्हता! असा मणी या शिवारात शिराजला कुणाचा नाय झाला."

"अण्णा—"

"थांब पोरी. आता सांगतोच याला." त्यांनी चौकटीला हात लावला. "सोम्या, तुझी बाग आपसूक नाय फुगली. म्या औषधात घड बुडवले. पाणी बी म्याच सोडलं. तू मुंबईला व्हता तवा. एवढी मेहनत केली, मग पातळ कशी व्हईल? मला सांग."

ज्ञानेशचं तोंड उघडं राहिलं. भाग्यश्री चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती अण्णांच्या मागे तशीच थांबली. सोमनाथने पाण्याच्या नळाखाली ग्लास विसळला आणि पालथा घातला.

"त्यानंच झाली, अण्णा," तो म्हणाला. आवाज जराही चढलेला नव्हता. "खायच्या मालाला फुगवण लागते. हिला नाय चालत. हिचं सगळं सालीत आसतं. मणी मोठा झाला का नुसतं पाणी वाढतं."

अण्णा बघत राहिले. पाटी भरून माल परदेशी पाठवलेला माणूस, त्याला कुणीतरी सांगत होतं की तुझा मोठा मणी हाच रोग. त्यांची ताठ पाठ मला त्या दिवसात पहिल्यांदा वाकलेली दिसली. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

"म्हंजी तुला ठावं व्हतं?" ते म्हणाले. "कवापासून?"

"त्याच दिशी. गाडी चुकली म्हणून मी माघारी आलो व्हतो. बांधावरून बघितलं तुम्हाला. कानाला मफलर, हातात मग."

"आन आडवलं नाय?" अण्णांचा आवाज एकदम चढला. "वरडायचं व्हतं! माझ्या हातातला मग हिसकावून घ्यायचा व्हता! तुझं पहिलं पीक मी पाण्यात घालत व्हतो आन तू उभा राहून बघत बसला?"

सोमनाथने टाकीला हात टेकला.

"तुम्ही दोन वर्षांनी बागेत आला व्हता, अण्णा."

बाहेर कुठेतरी पंप चालू होता. अण्णांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली.

"मी ही टाकी कंपनीला देतो सोमवारी," सोमनाथ म्हणाला. "मिसळतील ते. जाऊ द्या. पुढच्या साली परत."

"पुढच्या साली," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते उंबऱ्यावरच उभे राहिले, आत न येता, बाहेर न जाता. "मग दाखव मला. केवढा ठेवायचा आसतो मणी?"

सोमनाथ उंबऱ्याशी गेला आणि अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून त्यांच्यासमोर धरलं.

"एवढाच?"

"एवढाच."

अण्णांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. त्या दोन बोटांमधल्या फटीकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग आपल्या जाडजूड बोटांनी त्यांनी ती फट हलकेच थोडी रुंद केली.

"एवढा तरी?" ते म्हणाले.

"नाय, अण्णा," सोमनाथ म्हणाला, आणि हात न सोडवता त्याने बोटं परत जवळ आणली.