दुकान कमलच्या नावावर

आमच्या हिंदी शहरातल्या सिविल लाइंसमधलं पिको-फॉलचं दुकान आजोबांनी आत्याच्या लग्नाआधीच तिच्या नावावर घेतलं होतं. तेव्हा ती कमल होती. लग्नात नवरदेवाने, म्हणजे जयंतकाकांनी, ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘वसुंधरा’ लिहिलं आणि आमच्या मराठी रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. बँक, रेशनकार्ड, आधार, सगळीकडे ती वसुंधरा झाली. खरेदीखतावर तेवढी कमल राहिली. त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं.

यंदा नियम बदलला. परवान्यासाठी खतावरचं आणि आधारवरचं नाव एकच हवं, नाहीतर दुकानाला सील.

परवान्याच्या ऑफिसातल्या बाबूने कागद उलटेपालटे करून पाहिले. “सरनेम बदला, समझ गए. पर पहला नाम कौन बदलता है?”

“हमारे यहाँ बदलते हैं, भैया. शादी में,” आत्या म्हणाली.

“जैसे फोन का सिम?”

रांगेतले लोक हसले. मी नुकतीच एमएस्सी झालेली. म्हटलं, पुरावाच हवाय ना? “खत पर कमल का अंगूठा लगा है. आधार में वसुंधरा का. दो लोगों के निशान एक जैसे नहीं होते. मिला लीजिए.”

“बिटिया, अंगूठे का कॉलम ही नहीं है.”

“तो किसका है?”

“वारिस का. कमलजी का मृत्यु प्रमाणपत्र लगा दीजिए, दुकान वसुंधराजी की.”

आत्या समोर उभी होती. तिच्याकडे बघूनच तो हे म्हणाला.

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, “करून टाकू. कागदच तो. तू काही खरी मरत नाहीस.”

“अहो, मग वसुंधरेलाच मारू या की!”

“काहीतरीच. चाळीस वर्षांचं नाव आहे.”

“आणि कमल फुकटची होती? तुम्ही तांदळात लिहिलंत तेव्हा मला विचारलं होतं?”

काकांनी कागद पिशवीत कोंबले. माझ्याही लग्नात असंच होणार, हे मी आजवर गृहीतच धरलं होतं.

खोटा दाखला आत्याने दिला नाही. आधारवर परत कमल व्हायला अर्ज केला, पण ते काम चार महिन्यांचं, आणि नियमाला थांबायला वेळ नव्हता. सोमवारी दोन माणसं लाख आणि सुतळी घेऊन आली. गिऱ्हाइकांच्या साड्या आतच राहिल्या. त्यांच्यातल्या साहेबाने नोटीस वाचली: “दुकान मालकिन, श्रीमती कमल. कौन हैं?”

“मैं,” आत्या म्हणाली.

“यहाँ साइन कीजिए.”

“आधार नहीं देखेंगे?”

“उसकी क्या ज़रूरत, माताजी? आप सामने तो खड़ी हैं.”

आत्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, पेन घेतलं आणि ‘कमल’ अशी सही केली. कागदाला भोक पडेल इतकं दाबून.