शंभरातल्या तेवीस

करिष्माच्या पत्राला देवाजींनी उत्तर दिलंच नव्हतं. सहा वर्षं झाली. ही त्यांची पुतणी रसमड्याच्या एका कारखान्यात लोखंडाचे नमुने तपासायची. बाळ झालं आणि सासरे केवलराम म्हणाले, आता नोकरी पुरे. घरात फोनवर बोलता येईना, म्हणून तिनं लिहिलं होतं : "मोठेबाबा, सासरे तुमच्या शब्दाला मान देतात. त्यांना दोन ओळी लिहा. महिनाअखेर राजीनामा द्यायला सांगताहेत."

देवाजी पोलाद कारखान्यात कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले, पुस्तकात रमणारे. त्यांनी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. दुसऱ्याच्या घरात बोलणारे आपण कोण? त्याच आठवड्यात पेपरात आकडा आला : काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका देशात शंभरात फक्त तेवीस, पूर्वी चाळीसच्या वर होत्या. देवाजी फार हळहळले. कात्रण वहीत चिकटवलं. पत्र तसंच राहिलं.

परवा करिष्माच्या मुलाचा वाढदिवस होता. देवाजी पत्नी ललिताबाईंना घेऊन कोहक्याला तिच्या सासरी गेले. नेमकी सरकारी रोजगार सर्वेक्षणाची मुलगी दारात आली.

"बहू काम करती है?"

"नहीं," केवलराम झटक्यात बोलले. "हमारे यहाँ कोई कमी है क्या?"

मुलीनं करिष्माकडे पाहिलं. "दीदी, इस हफ्ते काम ढूँढा?"

"नहीं."

"मिल जाए तो करेंगी?"

करिष्मा केकची सुरी पुसत होती. "तीन साल ढूँढा. सब पूछते हैं, इतने साल क्या कर रही थीं? नहीं लिख दो."

मुलगी गेल्यावर देवाजी सवयीनं पुटपुटले, "म्हणजे हिला बेरोजगारांतही धरणार नाहीत. जी शोधत नाही, ती गणतीच्या बाहेर."

"हो न, मोठेबाबा," करिष्मा हसली. "तुमाले तं सगळंच माहीत असते."

त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं!

घरी आल्यावर ललिताबाईंनी विचारलं, "तोंड काऊन पडलं जी?"

"कामाच्या बायकांचा आकडा आता पुन्हा चाळीसच्या वर गेला म्हणतात."

"त्यात आपली पोरगी आहे का?"

"नाही. त्यातही पुष्कळ जणी घरच्याच शेतीत, दुकानात बिनपगारी राबून राहिल्या."

"मंग? आकडा का आभाळातून पडते? घराघरात लोकं एकेक बाई बसवते, तवा तुमचा पेपर छापते!"

"मले वाटलं, मी कोण बोलणारा..."

"तिनंच तं बोलावलं होतं तुमाले!"

देवाजींनी कागद ओढला. या वेळी फाडला नाही.

"करिष्मा, तू दोन ओळी मागितल्या होत्या. मी भित्रेपणालाच नम्रता समजत राहिलो. आज केवलरामांनाही लिहितो आहे. काही बदलेल असं वाटत नाही. तुझी जागा भरली, वर्षं गेली. चूक माझी."

वाचकहो, देशाच्या आकड्यावर हळहळणं सोपं आहे. पण आपल्याच नात्यातली एखादी आधार मागते, तेव्हा गप्प राहणं म्हणजे तिला घरी बसवणाऱ्यांत सामील होणं. आणि उशिरा आलेलं शहाणपण गेलेली नोकरी परत आणत नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्टर १० च्या पोस्टात देवाजींनी दोन्ही पाकिटं टाकली. डाक साडेतीनला निघणार होती. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तरी पेटी उघडून थैली भरली जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.