जोह्याची हाळी

रंभाने माळ्यावरून दोराचं वेटोळं खाली टाकलं, तशा ओटीवर बसलेल्या पाचही जणांच्या माना वर झाल्या. तीन पावसाळ्यांची धूळ उडाली आणि केरूच्या चहात जाऊन बसली.

"वहिनी, जपून," केरू म्हणाला, आणि उगाचच ओशाळून कपात बघत राहिला.

ती शिडीवरून सावकाश उतरली. दोर, मोठं पातेलं, ताडपत्री, हे सगळं सामान डोंगर हिंडणाऱ्या ग्रुपचं. पण सांभाळायचा तिचा नवरा, जनू. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट संपली की ही मंडळी जोह्यात याच ओटीवर येऊन डोंगरांचे बेत करायची. घरात पाण्याचा हंडा इकडचा तिकडे न करणारे बाप्ये पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार-चार दिवस कड्याकपाऱ्यांतून हिंडायचे, आणि परत आले की त्यांचे पाय घरच्या बाईनं शेकायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, ते दुसऱ्याकडून वसूल होतं, एवढंच.

जनू गेल्यापासून ओटी ओस पडली होती. आता गुणाजीनं पुन्हा मोहीम काढली होती. गुणाजी रोह्याचा, वयानं मोठा, ग्रुपचा म्होरक्या. त्यानं नकाशा पसरला, कोपऱ्यांवर कप ठेवले आणि ग्रुपात नव्यानं आलेल्या नाथाला आणि बाबाजीला बोटानं वाट दाखवू लागला. सकाळच्या गाडीनं रोहा, तिथून जीपनं भिरा, मग माकडनाळेनं, म्हणजे कड्यातल्या चिंचोळ्या घळीनं, थेट घाटमाथा. वर मुक्काम, आणि पुढे धारेधारेनं चालत राहायचं.

"माकडनाळच कशाला?" रंभानं विचारलं.

"जनूसाठी, वहिनी," गुणाजी म्हणाला. "नाळेच्या डोक्यावर नारळ फोडायचा. बॅनर पण केलाय."

वडखळच्या काळुरामनं पिशवीतून फ्लेक्स काढून अर्धा उलगडला. 'कै. जनूभाऊ स्मृती मोहीम.' जनूच्या फोटोपेक्षा ग्रुपचं नाव मोठं होतं.

दाराशी बसलेली ठमाबाई, जनूची आई, डोळे बारीक करून फोटोकडे बघत होती.

"चांगला केलाव," ती म्हणाली. "डोंगराचा लय नाद व्हता त्याला. घरात कुनी गोड बोलला असता तर परत पन आला असता."

सगळे नकाशात घुसले. रंभाला हे नवं नव्हतं. तीन वर्षं सासूच्या तोंडी तिचं नाव 'कुनी' हेच होतं. कुनी चाय ठेवा. कुनी दार लावा.

जनू शेवटचा निघाला त्या सकाळी भांडण झालं होतं, ते खरंच. भात कापणीला आलेलं आणि हा डोंगरात चाललेला. रंभानं त्याची सॅक अंगणात भिरकावली आणि ओरडली, 'जा, परत तोंड नको दाखवूस!' अख्ख्या आळीनं ऐकलं. पुढं डोंगरात धुकं उतरलं. धुक्यात मागचा माणूस दिसत नाही, म्हणून ग्रुपचा रिवाज असा, की म्होरक्यानं हाळी द्यायची आणि मागून एकेकानं आपल्या गावाचं नाव ओरडायचं. जनू कायम शेवटी चालायचा, त्यामुळे 'जोहे' शेवटी यायचं. त्या दिवशीही नाळेच्या डोक्यावर 'जोहे' आलं होतं. सगळ्यांनी ऐकलं, आणि पोलिसांना तसंच सांगितलं.

म्हणजे जनू नाळ चढून वर पोचला होता. म्हणून त्याला दिवसभर पठारावर शोधलं. तो सापडला दुसऱ्या दिवशी, खाली, नाळेच्या ऐन मधल्या टप्प्यात. वर पोचलेला माणूस खाली कसा गेला, याचं उत्तर मग गावानंच काढलं. आपल्या पायांनी गेला. बायको म्हणाली तोंड नको दाखवू, तर नाही दाखवलं.

रंभानंही ते मानलं. न मानून सांगते कुणाला? गावच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींना पॉलिश पेपर मारताना तिच्या बोटांची सालं निघायची, तरी ती हात थांबवायची नाही. हात थांबला की अंगणात पडलेली सॅक दिसायची.

"आता हाळी शिकून घ्या," गुणाजी नव्यांना सांगत होता. "धुकं आलं की मी थांबणार आणि 'रोहा' ओरडणार. मग एकेकानं आपलं गाव. सगळी गावं आली तरच पुढं. एक जरी कमी पडलं, तर पाऊल हलवायचं नाय. चला, करून बघू. रोहा!"

"डोलवी!" केरू.

"वडखळ!"

"कासू!" नाथा लाजत म्हणाला.

मग काहीच नाही. राहिलं होतं हमरापूर, बाबाजीचं. आणि बाबाजी मघाशीच फोन आला म्हणून पार रस्त्यापर्यंत गेला होता. नकाशात डोकं घातलेल्या गुणाजीला ते ठाऊक नव्हतं. तो खोळंबला.

"हमरापूरऽ!"

आवाज बाबाजीचाच होता, थोडा नाकातला. गुणाजीनं मान हलवली.

"झालं. सगळे आले. आता पाण्याचं बघू. वर टाकं हाय, पन..."

तेवढ्यात बाबाजी फोन खिशात घालत अंगणातून आत आला. "माझं गाव आलं काय?"

नाथाला हसू आवरेना. "कवाच येऊन गेलं तुझं गाव! केरूदादानं आणलं. काय आवाज काढतो राव!"

नाथा एकटाच हसत होता. काळुरामनं बॅनरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"सवय," केरू म्हणाला. "एक जण रेंगाळतो आणि सगळे भिजत उभे. मग कुनीतरी..."

गुणाजीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. त्या नजरेत नवल नव्हतं. रंभाला तेवढं पुरलं. नाळेच्या डोक्यावरचं ते 'जोहे'ही असंच आलं होतं. ती होती तिथंच, दोराच्या वेटोळ्यावर बसली. तीन वर्षं जे ओझं ती एकटी वाहत होती, त्याचे मालक तिच्याच ओटीवर चहा पीत होते. तिनं संतापानं दोराचा पीळ मुठीत आवळला.

ठमाबाईला यातलं काही उमगलं नव्हतं. ती केरूकडे सरकली.

"केरू, तू माझ्या जनूचा पन आवाज काढायचास. मना किती हसवायचास. एकदा काढ ना रे."

"नको काकी."

"काढ. जोहे बोल. मरायच्या आधी एकदा ऐकू दे मना."

केरूनं गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी नकाशाची सुरकुती बोटानं सारखी करत होता.

"म्हणा की, भावजी," रंभा म्हणाली. "जमतं तुम्हाला."

केरूनं ओठांवरून जीभ फिरवली. आपण नाही म्हणू शकत नाही, हे त्याला कळलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि हाळी दिली.

"जोहेऽऽऽ!"

शेवटाला किंचित वर चढणारी, हसू दाबत दिल्यासारखी. जनूच तो. रंभाचा नवरा पुन्हा एकदा दाराशी आला होता, आणि पुन्हा एकदा गेला.

म्हातारी रडू लागली. तिनं दोन्ही हात केरूच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"असाच ओरडला व्हता ना रे? शेवटला?"

केरू मागं सरकला. तेव्हा तिनं सुनेकडे तोंड वळवलं.

"रंभे," तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं नाव घेतलं, "ऐकलास काय गो? असाच ओरडला माझा पोर."

"व्हय, आत्या," रंभा म्हणाली. "असाच. ह्याच तोंडातून."

ठमाबाई काही न कळून तिच्याकडे बघत राहिली.

रंभा उठली. तिनं ओटीचं अंगणाकडचं दार लोटून आतून कडी घातली.

"दुसरा चहा ठेवते," ती गुणाजीला म्हणाली. "तोवर आत्याला सांगा."

"काय सांगू, वहिनी?"

ती आत गेली. तिनं पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली. मग बाहेर नकाशा गुंडाळल्याचा आवाज आला, आणि मागोमाग म्हातारीचा.

"काय रे गुणाजी? असं का बघतोस? बोल ना."

गुणाजीनं घसा खाकरला. रंभानं हातातली काडी पेटवली नाही. गॅसच्या आवाजात एखादा शब्द बुडायला नको होता.